स्कूल बोर्डाची निवडणूक : विलायतेतील एका कारागिराची व इतर काही सभासदांची हकीकत

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह आम्हांस दरवर्षी होत असतो. आजवर आम्ही लेखणी चालविली ती बहुधा गावगाड्याविषयी, बलुत्याविषयी आणि आपल्या सुतार ज्ञातीच्या हस्तकौशल्याविषयी. यंदा विषय थोडा दूरदेशीचा घेतला आहे. त्यास कारणही तसेच आहे. अलीकडे आपल्या बैठकींत "प्रत्येक लोकनियुक्त संस्थेवर आपला माणूस गेला पाहिजे" हे वाक्य वारंवार कानी पडते. आपला माणूस निवडून कसा आणावा ह्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु मुदत संपल्यावर तोच माणूस पुन्हा आपल्या दारी आला, म्हणजे त्यास कोणता प्रश्न विचारावा, ह्याची चर्चा आम्ही तरी ऐकिली नाही. आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे शिकलेले नाही, आणि आयुष्य प्राथमिक शाळेच्या चार भिंतींत गेले. तेव्हा राजकारणावर उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या संस्थेने शाळा ही गोष्ट प्रथमच मतदाराच्या हाती दिली, त्या विलायतेतील स्कूल बोर्डांची हकीकत आम्ही फावल्या वेळी बरीच वाचली आहे. तीत एक लाकूडकाम करणारा कारागीरही आहे. तो आपल्या वाचकांस भेटावा, एवढ्याच इच्छेने हा लेख लिहीत आहोत.

इंग्लंडात १८७० सालापर्यंत गोरगरिबांच्या मुलांचे शिक्षण हे मुख्यतः धर्मपंथांच्या हाती होते. सरकारी चर्चच्या शाळा सर्वांत अधिक. त्याखालोखाल इतर पंथांच्या. सरकार त्यांस अनुदान देई. परंतु जेथे कोणत्याच पंथाने शाळा काढली नाही तेथे मूल अक्षरशत्रू राही. १८७० साली फॉर्स्टर नामक मंत्र्याने पार्लमेंटात कायदा मंजूर करून घेतला, व जेथे शाळा अपुऱ्या तेथे करदात्यांनी निवडलेले स्कूल बोर्ड स्थापावे अशी तजवीज केली. ह्या बोर्डास शाळा बांधण्याचा, त्यासाठी स्थानिक करातून पैसा मागण्याचा, आणि पाच ते तेरा वर्षांच्या मुलांवर हजेरीची सक्ती करणारे पोटनियम करण्याचा अधिकार होता. मुदत तीन वर्षांची. तीन वर्षे भरली की सर्व सभासद एकदम खाली उतरत व ज्यास पुन्हा यावयाचे असेल त्याने पुन्हा मतदारांपुढे उभे राहावयाचे. सभासदास वेतन नाही.

ह्या कायद्यात दोन गोष्टी त्या काळास विलक्षण अशा होत्या. पहिली ही की, स्त्रीस पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नसतानाही स्कूल बोर्डासाठी करदात्या स्त्रीस मत मिळाले, आणि स्त्रीस उमेदवार म्हणून उभे राहण्याचीही मोकळीक मिळाली. दुसरी गोष्ट मतदानाच्या पद्धतीची. ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण आपल्यासारख्या विखुरलेल्या, संख्येने अल्प असलेल्या ज्ञातीस तिचे महत्त्व ताबडतोब ध्यानी येईल.

बोर्डावर जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदारास असत. ती त्याने निरनिराळ्या उमेदवारांस वाटावी, अथवा सर्वच्या सर्व एकाच्याच पारड्यात टाकावी, दोन्ही कायदेशीर. पंधरा जागांच्या शहरात एका मतदाराने एकाच उमेदवारास पंधरा मते दिली तरी हरकत नव्हती. ह्याचा परिणाम असा की, एकूण मतदारांचा सोळावा हिस्सा जरी एकजुटीने एका माणसामागे उभा राहिला, तरी तो माणूस निवडून आल्यावाचून राहत नसे. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांस पुसून टाकू नये हा ह्यातील हेतू.

बर्मिंगहॅम शहरात १८७० च्या पहिल्याच निवडणुकीत ह्या पद्धतीने मोठी गंमत केली. तेथे उदारमतवादी पक्षाचे मतदार अधिक होते. पंथनिरपेक्ष, मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी झटणारी नॅशनल एज्युकेशन लीग ही संस्थाही तेथलीच. आपले बळ मोठे ह्या समजुतीने त्यांनी पंधरा जागांसाठी पंधराही उमेदवार उभे केले. मते पंधरा ठिकाणी विभागली आणि त्यांचे सहाच निवडून आले. चर्चपक्षाने आपली शक्ती ओळखून आठच उभे केले. ते आठही आले. राहिलेली एक जागा रोमन कॅथॉलिक पंथाच्या धर्मगुरूस मिळाली. त्यास मत देणारे तीन हजारांहून किंचित अधिक. परंतु बहुतेकांनी आपली सर्व मते त्यासच दिल्यामुळे त्याच्या नावे पस्तीस हजारांवर मते पडली व तो सर्वांच्या शिरोभागी आला! तीन वर्षांनी, १८७३ साली, उदारमतवादी शहाणे झाले. त्यांनी आठच उमेदवार उभे केले, कोणत्या वॉर्डातील मतदारांनी कोणास किती मते द्यावीत ह्याची शिस्तशीर आखणी केली, आणि बोर्डावर बहुमत मिळविले. त्या बोर्डाचे अध्यक्ष झाले जोसेफ चेंबर्लेन. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या नेव्हिल चेंबर्लेन ह्यांचे हे वडील, आणि धंद्याने लाकडात बसवावयाच्या स्क्रूचे कारखानदार. नेटलफोल्ड ह्या घराण्याशी त्यांची भागीदारी होती, आणि नेटलफोल्ड हे नाव आपल्या ज्ञातीतील वृद्ध मंडळींनी स्क्रूच्या पुड्यावर कित्येकदा वाचले असेल. शाळेच्या इतिहासात ते असे अकस्मात भेटावे, ह्याचा आम्हांस वाचताना मोठा आनंद झाला. असो.

परंतु ह्या पद्धतीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. एकगठ्ठा मतांवर आलेला सभासद बहुधा त्या गठ्ठ्याचाच होऊन राही. चर्चच्या मतांवर आलेला चर्चच्या शाळा राखण्याच्या उद्योगात असे. तर काही सभासद केवळ "कर वाढू देणार नाही" ह्या एका वचनावर येत आणि नवी शाळा बांधण्याचा ठराव आला की त्यास विरोध करून आपले वचन पाळीत. शाळेच्या मंडळावर शाळा होऊ नये म्हणून बसणारी ही माणसे! तीन वर्षांनी ती पुन्हा मतदारांकडे जात, तेव्हा त्यांस एवढेच विचारले जाई की, आमचा पंथ राखलास ना, आमचा पैसा राखलास ना? मुलांचे काय केलेस, हे विचारणारा मतदार त्यांच्या वाट्यास येतच नसे. आपल्या बैठकींतील "आपला माणूस" हे शब्द ऐकिले की आम्हांस ही मंडळी आठवतात, आणि ते सांगितल्याबद्दल कोणी रागावू नये.

आता लंडनकडे वळू. लंडनचे स्कूल बोर्ड हे सर्वांत मोठे. एकोणपन्नास सभासदांचे, दहा विभागांतून निवडलेले. पार्लमेंटच्या निवडणुकीतही गुप्त मतदान अद्याप सुरू झालेले नसता, २९ नोव्हेंबर १८७० रोजी ह्या बोर्डासाठी, सिटी विभाग वगळता, गुप्त पद्धतीने मतदान झाले. निवडून आलेली मंडळी पाहिली तर आश्चर्य वाटते. पहिले अध्यक्ष लॉर्ड लॉरेन्स; हेच ते पंजाबचे जॉन लॉरेन्स, जे १८६४ ते १८६९ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. ज्यांनी अवघ्या हिंदुस्थानचा कारभार पाहिला, त्यांस परत गेल्यावर प्राथमिक शाळांच्या बोर्डावर बसणे कमीपणाचे वाटले नाही. सभासदांत सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्स्ले होते. मॅरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट ह्या डॉक्टर बाई सत्तेचाळीस हजारांहून अधिक मते घेऊन आल्या. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या हक्स्ले ह्यांना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही मते मिळाली नव्हती. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस आल्या. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी गर्टन कॉलेज उभारणाऱ्या त्या ह्याच.

परंतु ह्या तेजस्वी मंडळींपैकी पुन्हा किती उभी राहिली? हक्स्ले ह्यांनी प्रकृतीच्या कारणाने १८७२ सालीच राजीनामा दिला. लॉर्ड लॉरेन्स १८७३ मध्ये निवृत्त झाले. गॅरेटबाई व डेव्हिसबाई ह्या दोघींनीही १८७३ ची निवडणूक लढविली नाही. प्रत्येकास दुसरे मोठे कार्य होते, आणि ते त्यांनी केले, हे मान्य. तथापि शाळा ही तीन वर्षांत उभी राहणारी वस्तू नव्हे, हे आम्ही अनुभवाने जाणतो. पहिलीत बसविलेले मूल चौथीच्या उंबरठ्यावर येण्याच्या आत त्या बोर्डाची मुदत संपत असे. म्हणून आमचे लक्ष ह्या नामांकितांपेक्षा, जे पुन्हा पुन्हा मतदारांच्या दारी गेले त्यांच्याकडे अधिक वेधले गेले.

त्यांतील पहिले बेंजामिन ल्यूक्राफ्ट. ह्यांचा जन्म १८०९ सालचा, एक्झिटर गावचा. धंदा लाकूडकामाचा, खुर्च्या व घरगुती लाकडी सामान घडविणारे हे निष्णात कारागीर. तरुणपणी कष्टकऱ्यांस मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत पडले. पुढे १८६६-६७ च्या सुमारास मताधिकाराच्या विस्तारासाठी ज्या प्रचंड सभा झाल्या त्यांत ते अग्रभागी होते. १८७० साली फिन्सबरी विभागातून ते लंडन बोर्डावर आले. पहिल्या बोर्डावर उमराव होते, पाद्री होते, बॅरिस्टर होते, कारखानदार होते. हाताने काम करून पोट भरणारा हा एकटाच. फिन्सबरीस सहा जागा होत्या, म्हणजे प्रत्येक मतदारास सहा मते. ज्याच्या घरी दुसरी कोणतीही सत्ता नाही अशा कारागिरास ती सहाही मते आपल्यासारख्याच एका कारागिरास देता येत होती. ह्या सवलतीवाचून ल्यूक्राफ्ट बोर्डावर टिकते ना, असे आम्हांस वाटते. कारण १८७४ साली ते त्याच फिन्सबरीतून पार्लमेंटसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांस अपयश आले. बोर्डाच्या निवडणुकीत मात्र ते पुन्हा पुन्हा येतच राहिले. सुमारे वीस वर्षे ते त्या बोर्डावर होते.

ही वीस वर्षे त्यांनी कशासाठी खर्चिली? मुख्य मुद्दा फीचा. १८७० च्या कायद्याने शिक्षण मोफत केले नव्हते. बोर्डाच्या शाळेतही आठवड्यास फी द्यावी लागे. कायद्याने तिची कमाल मर्यादा नऊ पेन्सांची होती, व गरीब वस्तीत ती पेनी-दोन पेनी असे. आजच्या वाचकास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरी चार मुले शाळेच्या वयाची व बापाचे काम आज आहे तर उद्या नाही, तेथे सोमवार सकाळ म्हणजे संकटच. फी माफ करून घ्यावयाची तर आपल्या दारिद्र्याची चौकशी परक्यांकडून करवून घ्यावी लागे, आणि अब्रूदार कारागीर त्यापेक्षा मूल घरी ठेवणे पत्करी. एका हाताने सक्ती करावयाची व दुसऱ्या हाताने पैसे मागावयाचे, ही विसंगती ल्यूक्राफ्ट ह्यांनी प्रथमपासून बोर्डापुढे मांडिली. दुसरा मुद्दा जुन्या धर्मादायांचा. पूर्वजांनी गरिबांच्या मुलांसाठी म्हणून ठेवलेल्या इस्टेटी व देणग्या कालांतराने वरच्या वर्गाच्या शाळांकडे वळविल्या जात होत्या. त्यांचा हिशेब लावावा, ही मागणी त्यांनी सोडली नाही. मुलांस शाळेत लष्करी कवायत शिकविण्यासही त्यांचा विरोध असे. ह्यांतील एकही मुद्दा "कारागिरांचा" म्हणून वेगळा काढता येणार नाही, हे वाचकांनी पाहावे. ते कारागिरांच्या मतांवर आले होते आणि मागत होते ते शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी.

१८९१ साली पार्लमेंटाने प्रत्येक मुलामागे वार्षिक दहा शिलिंगांचे अनुदान देऊन बहुतेक प्राथमिक शाळांतील फी बंद पाडली. तोपर्यंत ल्यूक्राफ्ट ऐंशी वर्षांचे होऊन बोर्डातून बाहेर पडले होते. १८९७ साली ते वारले. (जाता जाता सांगावयाचे म्हणजे, ह्याच फिन्सबरीच्या मध्य मतदारसंघाने १८९२ साली आपल्या दादाभाई नौरोजींस हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांच्या आधिक्याने पार्लमेंटात पाठविले, आणि १८९५ च्या निवडणुकीत परत घरी बसविले.)

दुसरी हकीकत हेलन टेलर ह्या बाईंची. तत्त्ववेत्ते जॉन स्टुअर्ट मिल ह्यांची ही सावत्र मुलगी. मिल ह्यांचे स्वतःचे उभे आयुष्य लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, म्हणजे आपल्याच देशाच्या दप्तरांत गेले होते. हेलन टेलर १८७६ साली सदर्क ह्या गरीब वस्तीच्या विभागातून निवडून आल्या. त्यांची मते इतकी पुढारलेली की त्यांच्याच पक्षातील काहींनी त्यांस विरोध केला होता. फी बंद करा, मुलांस मारू नका, वर्गातील संख्या कमी करा, ह्या त्यांच्या मागण्या. त्या नुसत्या बोलत नसत. सदर्कमधील गरजू मुलांस शिक्षकांच्या मार्फत दुपारचे जेवण व पायांत घालावयास मजबूत बूट त्या स्वखर्चाने पुरवीत. शिक्षकाच्या पेशातल्या माणसास ह्याचे मोल कळते. उपाशी मुलास पाढे येत नाहीत, हे कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथावाचून आम्ही पहिल्या वर्षीच शिकलो.

१८७९ साली त्या पुन्हा निवडून आल्या. त्यानंतरच्या मुदतीत सेंट पॉल्स इंडस्ट्रियल स्कूलचे प्रकरण उद्भवले. ही शाळा म्हणजे भटक्या, अनाथ अथवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांस ठेवण्याची जागा. बोर्ड आपली मुले तेथे पाठवी व त्यांच्या पोषणाचे पैसे देई. तेथे मुलांस पोटभर अन्न मिळत नाही, अंगावर नीट कपडा नाही व शिक्षा अमानुष होतात, अशा तक्रारी एलिझाबेथ सर ह्या सभासद बाईंनी व हेलन टेलर ह्यांनी पुढे आणिल्या. अडचण ही की, त्या शाळेच्या व्यवस्थापनात बोर्डाचेच एक सभासद थॉमस स्क्रटन होते, आणि बोर्डाच्या इंडस्ट्रियल स्कूल समितीचे अध्यक्षही तेच. ज्याने तपासावयाचे त्याच्याच घरचा कारभार! बोर्डातील पुष्कळांस हे प्रकरण झाकलेले बरे वाटत होते. बाईंनी ते गृहमंत्र्यांपर्यंत नेले, चौकशी झाली, शाळा बंद करण्यात आली.

परंतु हेलन टेलर ह्यांनी लिहिताना स्क्रटन ह्यांच्यावर जे आरोप केले त्यांवरून त्यांनी बाईंवर अब्रूनुकसानीचा दावा लावला. जून १८८२ मध्ये तो चालला. चौथ्या दिवशी तडजोड होऊन बाईंनी एक हजार पौंड भरले. त्या काळचे हजार पौंड म्हणजे केवढी रक्कम, ह्याची कल्पना वाचकांनी करावी. न्यायाधीशांनी बाईंच्या मनात वैयक्तिक आकस नव्हता व लोकहिताच्या बुद्धीने त्यांनी हे केले, हे मान्य केले. तरी दंड तो दंडच. आणि पाचच महिन्यांनी, नोव्हेंबरात, बोर्डाची निवडणूक आली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. अशा वेळी सामान्य उमेदवार काय करील? तो म्हणेल, यंदा प्रकृती बरी नाही. अथवा गप्प राहून गेल्या खेपेच्या पुण्याईवर मते मागील. हेलन टेलर उभ्या राहिल्या, आणि सदर्कच्या मतदारांनी त्यांस तिसऱ्यांदा निवडून दिले. ज्या मुलांसाठी त्यांनी हजार पौंड घालविले, त्या मुलांस मत नव्हते. त्यांच्यापैकी बहुतेकांस मत देणारे आईबापही नव्हते. सदर्कच्या लोकांस ह्या प्रकरणात स्वतःचा लाभ काहीच नव्हता. तरी त्यांनी बाई पुन्हा पाठविल्या. निवडणुकींवरचा आमचा विश्वास पुष्कळदा डळमळला आहे. परंतु १८८२ ची ही सदर्कची निवडणूक आठवली की तो थोडा सावरतो. लंडनच्या इंडस्ट्रियल स्कूलांत ह्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या. बाई पुढे प्रकृतीमुळे निवृत्त झाल्या. १८८५ साली पार्लमेंटसाठी त्यांनी अर्ज भरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा स्त्री म्हणून तो घेण्याचेच नाकारण्यात आले.

इतर गावांचीही उदाहरणे आहेत. मँचेस्टर येथे लिडिया बेकर ह्या १८७० च्या पहिल्या निवडणुकीत आल्या, त्या १८९० साली मृत्यू येईपर्यंत प्रत्येक निवडणुकीत येत राहिल्या. एडिंबरो येथे फ्लोरा स्टीव्हन्सन १८७३ साली आल्या आणि १९०५ साली अध्यक्षपदावर असतानाच निवर्तल्या. ह्याउलट अ‍ॅनी बेझंट. १८८८ च्या उन्हाळ्यात आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींच्या संपास त्यांनी साहाय्य केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टॉवर हॅम्लेट्स विभागातून सर्वाधिक मतांनी त्या लंडन बोर्डावर आल्या. उपाशी मुलांस जेवण मिळावे, बोर्डाची कामे घेणाऱ्या ठेकेदारांनी मजुरांस योग्य मजुरी द्यावी, ह्यासाठी त्यांनी तीन वर्षे झपाट्याने काम केले. पण १८९१ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचे मन थिऑसफीकडे वळले होते, आणि १८९३ साली त्या हिंदुस्थानात आल्या. आपल्या देशास त्यामुळे होमरूलच्या एक पुढारी लाभल्या, तेव्हा आपण तक्रार करू नये. टॉवर हॅम्लेट्सच्या मुलांनी करावी.

इंग्लंडातील ही बोर्डे १९०२ च्या कायद्याने मोडली व शाळा कौंट्यांच्या कौन्सिलांकडे गेल्या. लंडनचे बोर्ड १९०४ साली संपले. त्यांच्याबरोबर ती मते एकवटण्याची पद्धतीही शाळांच्या कारभारातून गेली.

आपल्याकडे ह्या गोष्टीचा धागा कसा पोहोचला तेही थोडक्यात सांगतो. ज्या १८८२ साली हेलन टेलर न्यायालयात उभ्या होत्या, त्याच साली महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन सादर करून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. जोतीराव स्वतः त्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून काम केलेले. हंटर कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले, ते १८७० व १८७६ च्या इंग्रजी कायद्यांस पुढे ठेवूनच. १९१२ च्या मार्चात ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने आपल्या इलाख्यात जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका ह्यांच्यासाठी स्कूल बोर्डे निर्माण झाली. १९४७ च्या कायद्याने त्यांची पुनर्रचना झाली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण भागातील जिल्हा बोर्डांचे काम त्यांच्याकडे गेले. नगरपालिकांची शिक्षण मंडळेही अलीकडे कायद्यानेच मोडीत निघाली आहेत.

परंतु नाव तेच घेतले तरी वस्तू तीच आली असे नव्हे. विलायतेत करदाता थेट स्कूल बोर्डाचा सभासद निवडी. आपल्याकडे लोक लोकल बोर्ड निवडीत आणि लोकल बोर्डाचे सभासद स्कूल बोर्ड निवडीत. परिणामी गावकऱ्यास आपला स्कूल बोर्डाचा सभासद कोण हे ठाऊक नसे. ते ठाऊक असे ते मास्तरांस, कारण बदल्या त्याच्या हाती! आम्ही नोकरीस लागलो तेव्हा जी वडीलधारी शिक्षक मंडळी होती, त्यांच्या तोंडी "बोर्डाचा मास्तर" हा शब्द होता, व त्या शब्दात अभिमान किती आणि धास्ती किती हे आम्हांस कधी निश्चित करता आले नाही. सभासद पुन्हा निवडून यावा म्हणून प्रचारास जाणे अथवा न जाणे, ह्यावर कित्येकांची गावे बदलली.

आमच्या स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. गावाचे व व्यक्तीचे नाव सांगत नाही. एक लोकप्रतिनिधी निवडणुकीपूर्वी शाळेत येऊन छप्पर दुरुस्त करण्याचे आश्वासन देऊन गेले होते. पाच वर्षांनी मुदत संपताना ते पुन्हा आले व त्याच वर्गात उभे राहून बोलू लागले. ऐकणाऱ्यांत आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध गृहस्थ होते. ते उठले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, मागल्या खेपेस तुम्ही ह्याच तुळईखाली उभे होता. तेव्हा ती सरळ होती. आता बोटभर वाकली आहे. जरा इकडे सरकून बोलावे." सभा हसली, साहेबही हसले. ते निवडूनही आले. मात्र छप्पराचे लाकूड त्याच उन्हाळ्यात आले, आणि ती तुळई त्या वृद्धांनीच बदलली, मजुरी न घेता.

आज शाळेपुरती निवडणूक म्हणावी अशी गोष्ट उरली आहे ती शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानाविना चालणाऱ्या खासगी शाळा वगळता इतर शाळांस अशी समिती असावी, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. लंडनच्या पहिल्या बोर्डावर एकोणपन्नासांत दोन स्त्रिया होत्या, हे लक्षात घेता ही प्रगती लहान नव्हे. परंतु आमच्या पाहण्यात बऱ्याच ठिकाणी ही समिती शिक्षकांनीच कागदावर भरून घेतलेली असते, व सभेची सही घरी जाऊन आणिली जाते. आपल्या ज्ञातीतील किती माता व पिता अशा समित्यांवर आहेत, किती जण दुसऱ्यांदा त्यांवर गेले, आणि पहिल्या खेपेस त्यांनी शाळेसाठी काय मिळविले, ह्याची नोंद आपल्या संस्थेपाशी नाही. तसेच १९२३ ते १९६२ ह्या काळात आपल्यापैकी जे कोणी लोकल बोर्डावर अथवा स्कूल बोर्डावर होते, त्यांचीही एकत्र यादी आम्हांस आढळली नाही. ज्या कुटुंबांपाशी अशा पूर्वजांची नेमणूकपत्रे, सभांची इतिवृत्ते, छायाचित्रे अथवा निवडणुकीची जुनी हस्तपत्रके असतील, त्यांनी त्यांच्या नकला संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवाव्या. मूळ कागद पाठवू नयेत. ते घरीच जपावे. आलेली माहिती तालुकावार लावून पुढील स्मरणिकेत देण्याचे काम आम्ही पत्करले आहे.